घंटेआधी वाड्या मोजा: बंद राहिलेली सहावी-सातवी-आठवी पुन्हा सुरू करताना

२७ जानेवारी २०२१. दहा महिन्यांनी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले त्या सकाळी सातवीतली एक मुलगी आमच्या शाळेच्या पायरीवर उभी होती. पाठीवर दप्तर, कडेवर धाकटा भाऊ. "बाई, ह्याला मागं बसवू का? आई भांगलायला गेलीया." पहिली ते चौथी बंद, अंगणवाडीही बंद. भाऊ पावणेचार वर्षांचा. आदेशात त्याच्यासाठी ओळ नव्हती. मी आदेशाप्रमाणे वागले, त्याला नाही म्हटलं. ती दोघं परत गेली आणि पुढे आठवडाभर ती मुलगी शाळेत फिरकली नाही.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. घाटाखालच्या आमच्या तालुक्यात एका शाळेत चार-पाच वाड्यांची मुलं येतात, आणि अशी गावं महाराष्ट्रभर आहेत. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, सरपंच, वाडीतले जाणते पालक, यांच्यासाठी लिहिते आहे. उदाहरणं कोविडकाळातली आहेत, कारण एवढं मोठं बंद-उघड आपण दुसरं पाहिलेलं नाही. पण पूर, दरड, साथ, कशामुळेही शाळा महिनाभर बंद राहिली की प्रश्न हेच येतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत. म्हणजे चौथी-पाचवीपर्यंतची शाळा वाडीची असते, सहावीनंतरची शाळा परिसराची. पहिलीतलं पोर आजीचं बोट धरून येतं. सहावीतलं पोर ओढा ओलांडून, डांबरी रस्त्यावर उभं राहून, गाडीची वाट बघून येतं.

त्यात आपली रचना अशी की कुठे जिल्हा परिषदेची शाळा चौथीला संपते, कुठे सातवीला, कुठे आठवीला. शेजारचं विद्यालय कुठे पाचवीपासून सुरू होतं, कुठे आठवीपासून. सरकारी आदेश मात्र इयत्तेच्या रेघेवर निघतात, आणि ती रेघ बहुतेक वेळा याच तीन इयत्तांच्या मधून जाते. जुलै २०२१ चंच बघा. महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांत १५ तारखेपासून आठवी ते बारावी उघडायची होती. आमच्याकडे एकाच व्हरांड्यातल्या तीन खोल्यांपैकी एक उघडी, दोन बंद. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवी ते बारावी सुरू झाली, पण शहरात आठवीपासूनच. मग तालुक्याच्या गावी सहावीत असलेली आमच्या वाडीची पोरं घरी, आणि त्यांच्याच वयाची इथली पोरं शाळेत. शहरांतली पहिली ते सातवी १ डिसेंबरपासून खुली झाली, मुंबई-पुण्यात आणखी दोन आठवडे उशिरा.

म्हणून आदेश हातात पडला की पहिला प्रश्न हा: आपल्या परिसरात या रेघेने कुणाचं घर मधोमध कापलं जातंय?

पायरी १: यादी वाडीनिहाय करा

हजेरीपट इयत्तेनुसार असतो. तो बाजूला ठेवा. एका मोठ्या कागदावर वाड्या मांडा आणि प्रत्येक वाडीखाली मुलांची नावं लिहा. आमच्या कागदावर नावापुढे चार रकाने असतात. येतो कसा: पायी, सायकल, एसटी की वडाप (भाड्याची खासगी जीप). वाटेत काय आहे: ओढा, साकव, हायवे, दाट झाडी. घरात धाकटं कोण, आणि ते कुठल्या शाळेत किंवा अंगणवाडीत जातं. आणि आई-बाप या महिन्यात कुठे आहेत.

हे काम शाळेत बसून होत नाही. वाडीतल्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना सोबत घ्या, एका दुपारी एक वाडी होते. फोनवर विचारलंत तर "हो, पाठवतो की" एवढंच उत्तर मिळेल. दारात उभं राहिलं की कळतं की मोबाईल बापाबरोबर कामावर जातो, की सायकल विकली, की थोरली आता चूल सांभाळते.

शाळेत नाव नसलेली मुलंही याच फेरीत टिपा. कोविडनंतर शहरातून परतलेली, खासगी शाळेची फी न भरल्यामुळे दाखला अडकलेली कितीतरी मुलं होती. दाखला नाही म्हणून आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही, आणि वयानुसार योग्य वर्गात बसवणं हे कायद्यातच आहे. पालकांना हे माहीत नसतं. दारात सांगून टाका.

धाकट्या भावंडांचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा धरा. खालचे वर्ग बंद आणि वरचे सुरू असं असेल तेव्हा घरातली बारा वर्षांची मुलगीच पाळणाघर होते. ज्या नावांपुढे धाकटं भावंड आहे त्यांवर लाल खूण करा, आणि शाळा उघडण्याआधी वाडीत सोय बघा: देवळाची ओसरी, समाजमंदिर, एखादी आजी, आळीपाळीने दोन आया. आम्ही हे उशिरा केलं. आठवड्याने एका आजींनी ओसरीवर पाच पोरं सांभाळायला घेतली आणि तीन मुली शाळेत परतल्या. तो पावणेचार वर्षांचा गडी त्या पाचांत होता.

पायरी २: तारखेशेजारी शेतीचं काम लिहा

मागच्या तारखा आठवून बघा. १५ जुलै: घाटात आणि कोकणात भाताची लावणी. ४ ऑक्टोबर: सोयाबीनची काढणी. १ डिसेंबर, आणि पुन्हा बंद झालेल्या शाळा उघडल्या ती २४ जानेवारी २०२२: ऊसतोड जोरात, विदर्भ-मराठवाड्यात कापसाची वेचणी. प्रत्येक उघडण्याची तारीख कुठल्या ना कुठल्या हंगामावर पडली होती. मंत्रालयात हे ठरवताना कुणी पीकपाणी बघत नसेल, पण आपण बघू शकतो.

तारीख बदलणं आपल्या हातात नसतं, वेळ बहुतेकदा असते. जुलै २०२१ मध्ये तर सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीलाच निर्णयाचा अधिकार होता. लावणीच्या पंधरवड्यात सकाळची शाळा ठेवली तर मूल दुपारी शेतावर जातं, पण शाळा बुडत नाही. पोरांनी शेतात जाऊच नये असं मलाही वाटतं. तरी लावणीच्या दिवशी अकरा ते पाच शाळा ठेवून रिकामे बाक मोजण्यात काही शहाणपण नाही. केलेला बदल शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात घ्या आणि प्रत केंद्रप्रमुखांना द्या. तोंडी बदल नंतर अंगावर येतात.

पायरी ३: गाडी पक्की झाल्याशिवाय वेळापत्रक फळ्यावर लिहू नका

आम्ही एकदा उलटं केलं. शाळेची वेळ ठरवली, पालकांना कळवली, आणि मग कळलं की मुक्कामी एसटी साडेसातला निघते आणि पुढची गाडी थेट एकची. खालच्या वाडीची मुलं पावणेआठला येऊन कुलूपबंद फाटकापाशी तीन तास बसली.

तेव्हा आधी आगारात जा. नुसतं निवेदन टपालाने पाठवू नका. आगार व्यवस्थापकांपुढे वाडीनिहाय यादी ठेवा: अमुक थांब्यावर इतकी मुलं, जायची वेळ ही, परतीची ही. आकडा दिसला की बोलणं सोपं होतं. बंदच्या काळात कमी केलेली फेरी आपोआप सुरू होत नाही, ती मागावी लागते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, मुलांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत आहे. पासाचे अर्ज आणि शाळेचे शिक्के पहिल्या घंटेआधीच उरका, नाहीतर पहिला आठवडा मुलं पूर्ण भाडं भरतात किंवा येत नाहीत.

दुसरी सोय कायम ठेवा. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. डिसेंबरात शाळा कागदावर उघड्या होत्या आणि रस्त्यावर लाल गाडी नव्हती. शहरात त्याची झळ फारशी लागली नसेल. इथे आठवीच्या मुली घरी बसल्या. ज्या वाड्यांनी वडापवाल्याशी महिन्याचं ठरवून घेतलं त्यांची मुलं आली. ठरवताना दोन गोष्टी अडून मागा: टपावर कुणी बसणार नाही, आणि परतीला शेवटची मुलगी उतरेपर्यंत गाडी मध्येच दुसरं भाडं घेणार नाही.

पायी येणाऱ्यांसाठी वाट स्वतः चालून बघा, शक्यतो पावसात. साकवाची फळी कुजली असेल, रान वाढलं असेल. ग्रामपंचायतीला लेखी द्या आणि तोवर त्या वाडीच्या मुलांनी एकत्र निघायचं, ओढ्याला पाणी असेल तर परत फिरायचं, त्या दिवशीची गैरहजेरी लागणार नाही, हे मुलांसमोर आणि पालकांसमोर स्पष्ट सांगा.

पायरी ४: खोल्या आणि तास यांचं गणित

समजा सहावीत ३४, सातवीत ३८, आठवीत ३१ मुलं आहेत. एका बाकावर एक आणि खोलीत जास्तीत जास्त २० असा नियम आला (२०२१ मध्ये असाच होता) तर प्रत्येक वर्गाला दोन, अशा सहा खोल्या लागतात. तुमच्याकडे गळत नसलेल्या चार आहेत. मग मुलं दिवसाआड बोलवावी लागतात.

गट पाडताना बहुतेक जण हजेरी क्रमांकाने पाडतात: विषम आज, सम उद्या. सोपं दिसतं, पण एका घरातली दोन भावंडं दोन वेगळ्या दिवशी येतात आणि तीन किलोमीटरची वाट एकटीने चालावी लागते. माझं मत स्पष्ट आहे, गट वाडीने पाडा. सोबत टिकते, गाडी भरते. एकच सावधगिरी. आपल्याकडे वाडी म्हणजे पुष्कळदा एकच समाज असतो. बौद्धवाडी एका दिवशी आणि बाकी गाव दुसऱ्या दिवशी, असं नकळतही होता कामा नये. एका रस्त्यावरच्या दोन-तीन वाड्या मिळून एक गट करा आणि यादी समितीपुढे मोठ्याने वाचून दाखवा. काही खटकणारं असेल तर तिथेच कुणीतरी बोलेल.

आता तास. सहावी ते आठवीसाठी कायद्यात वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास आहेत. सहा दिवसांच्या आठवड्यात हे सुमारे २७ तास होतात. दिवसाआड चार तास भरवलेल्या शाळेत मुलाला १२ मिळतात. निम्म्याहून कमी. तेव्हा सगळे विषय थोडे थोडे शिकवण्याचा मोह सोडा. समोरासमोरचे बारा तास गणित, भाषा आणि विज्ञानातल्या करून बघण्याच्या भागाला द्या. वाचून समजेल ते घरच्या दिवशी वहीत जाऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी ती वही तपासा. एकदा तपासली नाही की पुढच्या वेळी ती कोरी येते.

शिक्षकांचंही बघा. या वर्गांना विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक शिक्षक असतो, आणि आमच्यासारख्या ठिकाणी नेमका एकेकच. त्यातला गणिताचा शिक्षक सर्वेक्षणाच्या ड्युटीवर गेला की तिन्ही वर्गांचं गणित थांबतं. पहिले सहा आठवडे या तिघांना बाहेरची ड्युटी लावू नये, असं पत्र समितीच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. दर वेळी ऐकलं जातं असं नाही. न दिलेलं पत्र मात्र कधीच ऐकलं जात नाही.

पायरी ५: इमारत, पाणी, तांदूळ

खोल्या उघडायला एकट्याने जाऊ नका. महिनोन्‌महिने बंद खोलीत बाकांच्या ढिगाखाली साप आणि शौचालयाच्या कौलाखाली गांधीलमाश्या, दोन्ही आम्ही पाहिलं आहे. दारं-खिडक्या तासभर उघड्या ठेवा, बाक काठीने हलवा, मग आत शिरा. हे काम मुलांना सांगू नका.

पाण्याची टाकी रिकामी करून आतून घासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायला बोलवा आणि नळाच्या शेवटच्या तोटीवर ओटी टेस्ट करायला लावा. नळीत पाणी घेऊन थेंब टाकला की पिवळसर रंग यायला हवा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या तोटीला उरलं पाहिजे. टाकीजवळच्या तोटीवर टेस्ट करून निघून जाण्याची सवय असते, तेवढं लक्ष ठेवा.

शौचालयाबद्दल एकच म्हणते. सहावी ते आठवी हे पाळी सुरू होण्याचं वय. बंदच्या काळात ज्यांची सुरू झाली त्या मुली पहिल्यांदाच पाळीत शाळेत येणार आहेत. कडी, पाणी, झाकणाची बादली आणि बाईंच्या कपाटात चार पॅड असतील तर ती मुलगी येईल. नसतील तर महिन्यातले चार दिवस बुडवेल, आणि कारण "पोटात दुखत होतं" असंच येईल.

पोषण आहारात उच्च प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम धान्य धरलेलं आहे. वरच्या उदाहरणातल्या १०३ मुलांना रोज साधारण साडेपंधरा किलो. गोदामात जुना साठा असेल तर पोतं पूर्ण ओतून बघा, वरची मूठ फसवते. जाळी धरलेला, गुठळ्या झालेला, कुबट वासाचा तांदूळ शिजवायचा नाही आणि परस्पर फेकायचाही नाही. समितीसमोर पंचनामा करून पोषण आहार अधीक्षकांना कळवा. शिजवणाऱ्या ताई परत येणार आहेत का, हेही आधी विचारा. मानधन थकलेलं असेल तर त्या दुसऱ्या कामाला लागलेल्या असतात. पहिल्या दिवसापासून चव नोंदवही सुरू, आणि दर आठवड्याची लोहाची निळी गोळी जेवणानंतरच.

पायरी ६: पहिला आठवडा फक्त बघायचं

पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान पहिल्या दिवशी उघडू नका. २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास (मागच्या इयत्तेची उजळणी) दिला होता. कल्पना चांगली होती, पण अनेक ठिकाणी पानं छापून वाटली आणि काम झालं असं मानलं. आधी मूल कुठे उभं आहे ते एकेकाला जवळ घेऊन बघा. दोन गोष्टी पुरतात.

चौथीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या. अडखळण्याकडे फार लक्ष नको, वाचून झाल्यावर "मग काय झालं?" विचारा. मग पाटीवर ७२४ भागिले ६ द्या. भागाकार १२० आणि बाकी ४. आमच्या सातवीतल्या बऱ्याच मुलांनी १२ आणि बाकी ४ लिहिलं. शून्य गळालं होतं. अशा मुलाला पूर्णांक संख्या शिकवून काय करणार? आणि १२ लिहिणाऱ्याला "तुला भागाकार येत नाही" म्हणणंही चूक, त्याला रीत येते, स्थानिक किंमत निसटली आहे. ७२४ रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला बाराच रुपये कसे, एवढं विचारलं की पुष्कळ जण स्वतःच हसतात आणि पाटी पुसतात.

आठवीकडे जास्त लक्ष द्या. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात ठेवता येतं. शाळा दोन महिने बंद राहिली म्हणून पेपर आपोआप सोपा होत नाही. आणि आठवीत अडकलेली मुलगी पुन्हा आठवीत बसेल, हे आमच्या भागात गृहीत धरता येत नाही.

पायरी ७: जी आली नाहीत

शाळा उघडल्यावर दहाव्या दिवशी वाडीचा तो मोठा कागद पुन्हा काढा आणि न आलेल्या नावांना गोल करा. पोर्टलवर ती मुलं "पटावर" असतात, त्यामुळे वरून कुणी विचारत नाही. २०२१ मध्ये तर पालकांनी संमतीपत्र दिलं नाही म्हणून घरी बसलेलं मूल आणि शाळा सुटलेलं मूल कागदावर सारखंच दिसत होतं.

गोल केलेल्या प्रत्येक नावाचं कारण वेगळं असतं, उपायही वेगळा. आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं मूल असेल तर त्याला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसता येईल. मुकादमाचा नंबर घेऊन तिथल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा. अजून निघाले नसतील तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीमार्फत आधीच पाठवा, म्हणजे मूल आजीजवळ राहील आणि त्याच्या जेवणाची सोय होईल. गॅरेजात किंवा ढाब्यावर लागलेला मुलगा असेल तर एकटे शिक्षक न जाता सरपंचांना घेऊन जा. मालक गावचाच असतो.

आणि कुणी "तिचं आता बघतायत" असं म्हणालं तर थांबू नका. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना त्याच दिवशी सांगा. १०९८ वर फोन करणाऱ्याचं नाव उघड होत नाही. साखरपुडा झाल्यावर मोडणं फार अवघड जातं. बोलणी चालू असताना बाईंनी घरी जाऊन चहा पिऊन "आठवीचा पास मी काढून ठेवलाय, उद्या पाठवा" म्हटलं, तर कधीकधी तेवढ्यानेही लग्नाची बोलणी थांबतात.

दोन भेटींनंतरही न आलेल्या मुलांची नावं समितीच्या मासिक सभेत विषय क्रमांक एक म्हणून घ्या, खर्चाच्या मंजुरीच्या आधी. समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. त्यातल्या कुणाचं ना कुणाचं त्या घरी जाणं-येणं असतंच. प्रत्येक नावापुढे जाणाऱ्याचं नाव आणि जायचा वार लिहा. कागद कार्यालयातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे खडू काढायला दार उघडलं की तो रोज समोर येतो.